विद्यार्थ्याचे मायदेशाशी असलेले बंध मोजायचे कशाने?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी विद्यापीठांचे प्रवेश निश्चित होऊ लागले, की विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे व्हिसाचा टप्पा उभा राहतो आणि तिथे एका चिंतेपुढे बाकीच्या सगळ्या चिंता मागे पडतात: शिक्षण संपल्यावर हा विद्यार्थी मायदेशी परतेल, हे अधिकाऱ्याला पटवायचे कसे? गेली अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांची उद्देशपत्रे वाचते, त्यांच्यासाठी शिफारसपत्रे लिहिते आणि व्हिसाच्या मुलाखतीला निघालेल्यांशी बोलते. घराच्या कागदपत्रांची जाडजूड फाइल, मालमत्तेचे मूल्यांकन, खात्यात अचानक वाढवलेली शिल्लक आणि ओळखीच्या कंपनीकडून मिळवलेले नोकरीचे आश्वासन हे या चिंतेवरचे आज सर्रास सुचवले जाणारे उपाय आहेत. विचारले जाते एक आणि ही फाइल उत्तर देते भलत्याच प्रश्नाचे, असे माझे मत झाले आहे. त्याची कारणे थोड्या विस्ताराने मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ही अट आली कुठून, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्यातील कलम २१४(बी) नुसार, काही मोजके प्रकार वगळता, तात्पुरत्या व्हिसासाठी अर्ज करणारी प्रत्येक व्यक्ती कायमची स्थायिक होण्यासाठीच येत आहे असे गृहीत धरले जाते आणि ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. त्याच कायद्यात विद्यार्थ्याची जी व्याख्या आहे, तिच्यात ‘परदेशात ज्याचे निवासस्थान आहे आणि ते सोडून देण्याचा ज्याचा हेतू नाही’ अशी अट आहे. मात्र व्याख्या तिथे संपत नाही. तो खराखुरा विद्यार्थी असावा, पूर्ण अभ्यासक्रम करण्याची त्याची पात्रता असावी आणि केवळ त्या अभ्यासासाठी तो येत असावा, हेही त्याच व्याख्येचे भाग आहेत. सल्ला देणारे बहुतेक जण यातला निवासस्थानाचा तुकडा तेवढा उचलतात आणि उरलेली व्याख्या विसरून जातात. परिणामी, ज्याला अभ्यासाबद्दल दोन वाक्ये धड सांगता येत नाहीत असा विद्यार्थी आजोबांच्या जमिनीचे कागद मात्र क्रमवार लावून मुलाखतीला जातो.

या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची एक मार्गदर्शिका आहे आणि तिच्यात विद्यार्थ्यांविषयी स्वतंत्र विचार मांडलेला आहे. विद्यार्थी साधारणपणे तरुण असतो, त्याच्या नावावर मालमत्ता नसते, नोकरी नसते, स्वतःचा संसार नसतो आणि पर्यटकापेक्षा त्याला कितीतरी जास्त काळ राहायचे असते. विद्यार्थिदशेत हे सगळे स्वाभाविकच असल्यामुळे तेवढ्यावरून तो अपात्र ठरत नाही आणि अधिकाऱ्याने त्याचा आत्ताचा हेतू पाहावा, असा त्या विचाराचा आशय आहे. हा मजकूर २०१७ मध्ये वगळण्यात आला होता आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा आणण्यात आला. मधल्या काळात कायद्याचे कलम जसेच्या तसे होते. बदलली होती ती फक्त ते कलम विद्यार्थ्याला कसे लावायचे याबद्दलची सूचना. एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज कोणत्या वर्षी टेबलावर आला, यावर त्याच्या मायदेशाशी असलेल्या बंधांचे वजन ठरावे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. पण त्याहूनही खटकते ते हे, की ‘विद्यार्थ्याकडे मालमत्ता असणे अपेक्षित नाही’ असे खुद्द त्या खात्यानेच लिहून ठेवलेले असताना, मालमत्तेशिवाय व्हिसा मिळत नाही असा समज घरोघरी पक्का झालेला आहे.

कॅनडामध्ये हीच अट निराळ्या रूपात येते. तिथल्या नियमावलीतील कलम २१६ प्रमाणे, परवानगीची मुदत संपताना अर्जदार देश सोडून जाईल, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. नकाराच्या पत्रांत अनेक वर्षे बहुधा ठरावीक वाक्येच असत: भेटीचा उद्देश, कौटुंबिक संबंध, आर्थिक स्थिती. विद्यार्थ्याला त्यातून काहीच कळत नसे. तिथल्या स्थलांतर कायद्याच्या कलम २२(२) मध्ये मात्र स्पष्ट म्हटले आहे, की कायमचे स्थायिक होण्याची इच्छा असली म्हणून तात्पुरत्या काळासाठी येण्यास कोणी अपात्र ठरत नाही, जर मुदतीअखेर तो परत जाईल याची खात्री पटत असेल. म्हणजे पुढे कधीतरी तिथे राहावेसे वाटणे हा गुन्हा नाही. परवानगी संपल्यावरही बेकायदा राहणे हा आक्षेपाचा विषय आहे. या दोहोंतला फरक विद्यार्थ्यांना कोणी समजावून सांगत नाही आणि भीतीपोटी ते पहिली गोष्टही लपवू लागतात.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव मला सर्वांत बोलका वाटतो. तिथे २०११ पासून, विद्यार्थी खरोखर तात्पुरताच येत आहे हे दाखवण्याची अट होती. २३ मार्च २०२४ पासून ती काढून तिच्या जागी, तो खरोखर विद्यार्थी आहे का, ही कसोटी आणली गेली. अर्जातच काही प्रश्न विचारले जातात आणि प्रत्येकाचे उत्तर दीडशे शब्दांत द्यायचे असते. सध्याची परिस्थिती, त्यात कुटुंब, समाज, नोकरी आणि आर्थिक बाजू यांच्याशी असलेले संबंध; हाच अभ्यासक्रम, याच देशात, याच संस्थेत का; आणि तो पूर्ण केल्याने काय लाभ होईल, असे त्यांचे स्वरूप आहे. घराशी असलेले बंध तिथेही विचारले जातात, पण ते एका मोठ्या चित्राचा भाग म्हणून. शिकून झालेल्यांपैकी काहींना पुढे रीतसर मार्गाने राहावेसे वाटेल, हे त्या सरकारने या बदलाबरोबर उघडपणे मान्य केले. कसोटी सोपी झाली असे मी म्हणणार नाही. निधीची अट आणि अर्जाचे शुल्क त्याच वर्षी वाढवण्यात आले. पण निदान विचारले जाणारे प्रश्न विद्यार्थ्याला प्रामाणिक उत्तर देता येईल असे आहेत.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२० पासूनची जी पद्धत आहे, तिच्यात ७० गुण लागतात: विद्यापीठाने दिलेल्या प्रवेशाच्या पुष्टीचे ५०, पुरेशा निधीचे १० आणि इंग्रजीचे १०. परत जाण्याचा पुरावा म्हणून वेगळे गुण नाहीत. निधी सलग २८ दिवस खात्यात असावा लागतो आणि विद्यार्थी खरा आहे की नाही हे तपासण्यासाठी मुलाखत घेतली जाऊ शकते. युरोपीय संघाच्या विद्यार्थ्यांविषयीच्या २०१६ च्या निर्देशात, जो डेन्मार्क आणि आयर्लंड यांना लागू नाही, तर ओझे बरेचसे उलट बाजूला आहे: अर्जदार शिक्षणाखेरीज दुसऱ्याच कारणासाठी राहणार आहे असे दाखवणारा पुरावा किंवा गंभीर, वस्तुनिष्ठ कारणे असतील तर राज्य अर्ज नाकारू शकते. बेल्जियममधील एका प्रकरणात संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०२४ रोजी निकाल देताना, अभ्यासाच्या आराखड्यातील विसंगती पुरेशी उघड असेल तर ती अशा कारणांपैकी एक धरता येईल, असे म्हटले; मात्र प्रत्येक अर्जाची सर्व परिस्थिती लक्षात घेऊन स्वतंत्र तपासणी झाली पाहिजे, हेही बजावले.

या निकालात ज्याची चिकित्सा झाली तो अभ्यासाचा आराखडा होता. घर, शेत, दागिने यांचा त्यात प्रश्न नव्हता. शेवटी सगळ्या देशांत अधिकारी जे शोधत असतो ते हेच, की या माणसाचे आजवरचे शिक्षण, त्याने निवडलेला अभ्यासक्रम, त्यासाठी लागणारा पैसा आणि नंतर करायचे काम या चार गोष्टी एकमेकींना धरून आहेत का. त्या तशा असतील तर परत येण्याचे कारण वेगळे सिद्ध करण्याची गरज बरीच कमी होते. त्या तशा नसतील तर मालमत्तेची कितीही कागदपत्रे जोडली तरी ती पोकळी भरून निघत नाही.

फाइलमध्ये ठेवल्या जाणाऱ्या गोष्टींकडे आता जरा बारकाईने पाहू. वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरची मालमत्ता ही त्यांचा त्या जागेशी असलेला बंध दाखवते. बावीस वर्षांच्या मुलीला ती परत आणेल, असे कोणता अधिकारी का मानेल? उलट, कुटुंब संपन्न असेल तर ते मुलीला परदेशात स्थिर व्हायलाही मदत करू शकते. बँकेतील शिल्लक आणि शैक्षणिक कर्जाचे मंजुरीपत्र ही खर्च पेलण्याची ताकद दाखवतात. ती आवश्यकच आहेत, पण त्यातून परतण्याचा हेतू सिद्ध होत नाही, आणि या दोन वेगळ्या अटी एकत्र करून टाकल्यामुळेच अनेक अर्ज गोंधळलेले दिसतात. अर्जाच्या तोंडावर खात्यात आलेली मोठी रक्कम तर उपकाराऐवजी अपकारच करते, कारण ती कुठून आली हे लगेच विचारले जाते आणि तिचा माग सांगता आला नाही तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. पैसा ज्याचा आहे त्याचे नाव, त्याचे विद्यार्थ्याशी नाते, त्याचे उत्पन्न आणि त्या उत्पन्नातून ही बचत कशी झाली, एवढे साधे आणि सलग मांडले तर मूल्यांकनाच्या दहा पानांची गरज भासत नाही.

खरे बंध वेगळे असतात आणि ते बहुधा विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आयुष्यात असतात. एखादा नोकरी करणारा विद्यार्थी रजा घेऊन जात असेल आणि परत रुजू होण्याची तारीख लिहिलेले पत्र त्याच्याकडे असेल, तर तो भक्कम पुरावा आहे. एखाद्याने पदवीच्या काळात ज्या संस्थेत काम केले तिथे पुढे जे काम वाढणार आहे त्यासाठीच तो शिकायला निघाला असेल, तर त्या संस्थेचे पत्र मोलाचे ठरते. ज्या व्यवसायासाठी मायदेशात परवाना किंवा नोंदणी लागते, तो परवाना आधीच मिळालेला असणे हाही एक बंध आहे, कारण तो दुसऱ्या देशात सहसा तसाच्या तसा चालत नाही. घरातील वृद्ध किंवा आजारी माणसाची जबाबदारी, लग्न झालेले असल्यास मागे राहणारा जोडीदार आणि मुले, कुटुंबाच्या व्यवसायात आधीपासून असलेला प्रत्यक्ष सहभाग या गोष्टीही मोजल्या जातात. परंतु त्या जशा आहेत तशाच सांगाव्या लागतात. ज्या मुलाने दुकानाच्या हिशेबाची वही कधी उघडली नाही, त्याने ‘मी वडिलांचा व्यवसाय सांभाळणार आहे’ असे म्हटले तर पुढच्याच प्रश्नाला तो अडखळतो.

एक कल्पित उदाहरण घेते. वाणी आणि श्रवण यांच्या दोषांवरील उपचारांचा अभ्यास करू इच्छिणारी विद्यार्थिनी आहे. तिच्या नावावर काही नाही, आईवडील साधी नोकरी करतात, खर्चाचा बराचसा भाग कर्जातून आणि उरलेला शिष्यवृत्तीतून येणार आहे. ‘माझे माझ्या देशावर प्रेम आहे आणि मी नक्की परत येईन’ असे ती म्हणाली, तर अधिकाऱ्याला ते तपासण्याचा मार्ग नाही. तेच वाक्य त्याने त्या सकाळी कितीदा तरी ऐकलेले असते. तिने त्याऐवजी सांगितले, की पदवीच्या काळात तिने मातृभाषेत बोलणाऱ्या, उशिरा बोलू लागलेल्या मुलांबरोबर काम केले, त्या मुलांसाठी चाचण्यांची साधने अपुरी आहेत, ज्या विद्यापीठात ती निघाली आहे तिथे अनेकभाषक मुलांच्या मूल्यमापनावर काम करणारा गट आहे, आणि हे कौशल्य ज्या भाषेत वापरायचे आहे ती भाषा बोलणारी मुले तिच्या मायदेशात आहेत, तर त्या उत्तरातच परतीचे कारण आलेले असते. तिला तो शब्दही उच्चारावा लागत नाही. अशा उत्तराला पाठांतर लागत नाही. लागते ते स्वतःच्या विषयाचे भान, आणि ते एजंटच्या कार्यालयात विकत मिळत नाही.

इथे मला काही व्हिसा सल्लागारांच्या पद्धतीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. सगळेच तसे नसतात, हे मान्य करूनही सांगते, की एकच उद्देशपत्र नावे बदलून अनेक विद्यार्थ्यांना देणे, न झालेल्या नोकरीचे अनुभवपत्र तयार करणे, परतल्यावर नोकरी देण्याचे कोऱ्या लेटरहेडवरचे आश्वासन मिळवून देणे हे प्रकार मी विद्यार्थ्यांच्या हातात पाहिलेले आहेत. त्याचे परिणाम विद्यार्थ्याला आयुष्यभर भोगावे लागू शकतात, सल्लागाराला नाही. अमेरिकेत महत्त्वाच्या बाबतीत खोटे सांगून व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ठरले तर ती व्यक्ती कायमची अपात्र होते आणि पुढे सूट मिळाली तरच तिला जाता येते. कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षांची बंदी आहे. ब्रिटनमध्ये फसवणुकीच्या अर्जानंतर १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदपत्रांसाठी ३ वर्षे आणि ओळखीबाबत लबाडी असेल तर १० वर्षे दार बंद होऊ शकते. अर्ज दुसऱ्याने भरला होता, मला माहीत नव्हते, ही सबब सहसा ऐकून घेतली जात नाही, कारण अर्जाखाली सही विद्यार्थ्याची असते. ज्याच्याकडे खरे सांगण्यासारखे पुरेसे होते अशा हुशार मुलाने केवळ घाबरून एक खोटे पत्र जोडावे आणि त्यामुळे त्याचे खरेही खोटे ठरावे, यासारखे दुःख नाही.

नातेवाइकांबद्दल तर हमखास चुकीचा सल्ला दिला जातो. भाऊ किंवा मावशी त्या देशात राहत असेल तर सांगू नका, असे बजावले जाते. अमेरिकेच्या अर्जात जवळच्या नातेवाइकांविषयी थेट प्रश्न असतो आणि त्यांच्या जुन्या अर्जांत कुटुंबाची नोंद असते. नातेवाईक तिथे असणे हे एकट्याने नकाराचे कारण होत नाही; ते लपवणे मात्र होऊ शकते. तेच आधीच्या नकारांबद्दल. शिवाय जून २०२५ पासून अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितले आहे, त्यामुळे अर्जात एक आणि आपल्या सार्वजनिक ओळखीत दुसरे, असे असेल तर ते आता सहज दिसते.

माझी तक्रार केवळ सल्लागारांपुरती नाही. देशांच्या धोरणातच एक मोठी विसंगती आहे आणि तिचे ओझे विद्यार्थ्यावर टाकले जाते. ज्या देशाचा अधिकारी विचारतो ‘परत येणार ना?’, त्याच देशाची विद्यापीठे आपल्या जाहिरातींत शिक्षणानंतर काम करण्याची संधी ठळकपणे सांगतात. अमेरिकेत विद्यार्थ्याला अभ्यासाशी संबंधित कामाचा १२ महिन्यांचा कालावधी मिळू शकतो आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांतील पदव्यांसाठी आणखी २४ महिने. कॅनडात पदवीनंतरचा कामाचा परवाना ३ वर्षांपर्यंतचा असू शकतो. ब्रिटनने १ जुलै २०२१ पासून पदवीधरांसाठी असा मार्ग खुला केला. या सवलती कायदेशीर आहेत, त्या त्या सरकारांनी स्वतःच्या गरजेपोटी दिलेल्या आहेत आणि अनेक विद्यार्थी त्यांच्याच भरवशावर कर्ज फेडण्याचे गणित मांडतात. तरीही मुलाखतीत ‘वर्षभर काम करून अनुभव घेईन’ असे म्हटले तर नकार येईल, या भीतीने विद्यार्थी नाही म्हणतात. एखाद्या देशाने आपल्याकडे येणाऱ्या तरुणाशी पहिलाच संवाद असा करावा, की ज्यात खरे बोलणे धोक्याचे वाटावे, हे त्या देशाच्याही हिताचे नाही.

माझ्या मते विद्यार्थ्याने इथे घाबरू नये. नियमाने मिळणाऱ्या कामाच्या कालावधीबद्दल विचारले तर, तो नियम माहीत आहे, मिळाल्यास अनुभव घेण्याचा विचार आहे, मुदत संपल्यावर काय करायचे आहे ते असे आहे, असे सांगावे आणि ते शेवटचे उत्तर तपशिलाने द्यावे. मात्र न विचारता तिथल्या पगाराचे आकडे सांगत सुटणे हे वेगळे. जो विद्यार्थी अभ्यासक्रमाविषयी अर्धा मिनीट आणि नंतरच्या नोकरीविषयी तीन मिनिटे बोलतो, त्याच्या हेतूबद्दल शंका आली तर ती अधिकाऱ्याची चूक म्हणता येणार नाही.

या कसोटीचा सर्वांत जास्त जाच कोणाला होतो, तेही पाहावे. ज्यांचे आईवडील हयात नाहीत, जे एकट्या आईने वाढवलेले आहेत, ज्यांच्या कुटुंबाकडे भाड्याचे घर आहे, ज्यांनी पदवीनंतर घरच्या अडचणीमुळे दोन-तीन वर्षे शिक्षण थांबवले, ज्यांनी विषय बदलला, ज्यांचे कुटुंब युद्धामुळे किंवा आपत्तीमुळे विस्थापित झाले आहे, त्यांना ‘तुझे घराशी असलेले बंध दाखव’ म्हणणे म्हणजे त्यांच्याकडे जे नाही तेच मागणे होय. अविवाहित आहे म्हणून बंध कमी आणि विवाहित असून जोडीदार सोबत येणार आहे म्हणूनही बंध कमी, असा दुहेरी पेच अनेक स्त्रियांच्या वाट्याला येतो. अशा अर्जदारांनी कमतरता झाकण्याऐवजी ती स्वतःच एका परिच्छेदात स्पष्ट करावी, असे मी सांगते. शिक्षणात पडलेला खंड असेल तर त्या काळात काय केले याचा पुरावा जोडावा. विषय बदलला असेल तर का बदलला याचे कारण कामाच्या अनुभवातून दाखवावे. अधिकाऱ्याने विचारण्याआधी दिलेले स्पष्टीकरण आणि पकडले गेल्यावर दिलेले स्पष्टीकरण यांची किंमत सारखी नसते.

नकार मिळालाच तर काय करायचे, याबद्दलही गैरसमज फार आहेत. कलम २१४(बी) खालील नकाराला अमेरिकेत अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पुन्हा शुल्क भरावे लागते आणि आधीचा नकार सांगावा लागतो. हा नकार कायमचा नसतो, पण त्याच कागदांसह पुढच्याच आठवड्यात पुन्हा रांगेत उभे राहून काही साधत नाही. कॅनडात बाहेरून केलेल्या अर्जाच्या नकाराविरुद्ध ६० दिवसांच्या आत तिथल्या संघीय न्यायालयाकडे पुनर्विलोकनाची परवानगी मागता येते आणि अधिकाऱ्याने पुरेशी कारणे दिली नाहीत म्हणून न्यायालयाने प्रकरणे फेरविचारासाठी परत पाठवल्याची उदाहरणे आहेत. अर्थात तो खर्च प्रत्येकाला झेपणारा नाही. निदान एवढे प्रत्येकाने करावे: मुलाखतीत कोणते प्रश्न विचारले आणि आपण काय उत्तरे दिली, ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. नकाराचे खरे कारण बहुधा छापील कागदावर नसते, ते अधिकाऱ्याने कोणत्या उत्तरानंतर विचारणे थांबवले, त्यात असते.

यासाठी दूतावासांकडे आणि संबंधित सरकारांकडे माझी मागणी मोठी नाही. नकार देताना हेतूबद्दल शंका होती, निधीबद्दल होती की अभ्यासाच्या निवडीबद्दल, एवढे एका ओळीत सांगावे. गुप्ततेची किंवा सुरक्षेची कोणतीही अडचण त्यात येत नाही आणि विद्यार्थ्याला नेमके काय सुधारायचे हे कळते. विद्यार्थ्याकडून मालमत्तेची अपेक्षा नाही, हे वाक्य अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत आहे तसेच ते अर्जदारांसाठीच्या माहितीपत्रकातही ठळकपणे छापावे. परदेशी विद्यापीठांनीही प्रवेशाचे पत्र देऊन हात झटकू नयेत; या अर्जदाराला आम्ही का निवडले, त्याच्या आधीच्या अभ्यासाशी हा अभ्यासक्रम कसा जुळतो, हे सांगणारा एक परिच्छेद त्या पत्रात असेल तर तो मालमत्तेच्या कोणत्याही मूल्यांकनापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

महाविद्यालयांतील मार्गदर्शन कक्षांना मात्र हे काम उद्यापासून करता येण्यासारखे आहे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून, मी हे का शिकणार, इथेच का, पैसा कुठून आणि नंतर काय, या चार प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या भाषेत लिहून घ्यावीत, त्या विषयाच्या शिक्षकाने ती वाचावीत आणि जिथे उत्तर पोकळ आहे तिथे विद्यार्थ्याला परत विचार करायला लावावा. काही विद्यार्थ्यांना या टप्प्यावर असेही लक्षात येते, की त्यांना तो अभ्यासक्रम मुळात नकोच आहे, आणि कर्ज काढण्याआधी हे कळणे बरे. आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी, की प्रवेशाच्या हंगामात एजंटांच्या जाहिराती छापल्या जातात त्याच पानावर, प्रत्येक देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरील अटी तारखेसह, साध्या मराठीत आणि दर महिन्याला ताज्या करून द्याव्यात. या पत्रात मी दिलेल्या अटी, मुदती आणि कलमे यांपैकी काही बदललेली असतील तर ती दुरुस्तीही त्यातून वाचकांपर्यंत पोहोचेल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका